‘प्रेझेंटली’ म्हणजे नेमके केव्हा?

प्रस्तावना

शिवकाळातले इंग्रजी कागद वाचायला घेणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो तारखांचा. सुरतेची पहिली लूट जानेवारी १६६४ मधली. पण वखारीतल्या इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून त्या महिन्यातल्या त्यांच्या पत्रांवर साल पडते १६६३. शिवाय त्यांचे पंचांग ज्युलियन, म्हणजे आजच्या ग्रेगोरियन पंचांगाच्या दहा दिवस मागे. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही आपल्याला तोंडपाठ असलेली तारीखसुद्धा त्याच जुन्या पंचांगातली आहे. अभ्यासक ही सगळी दुरुस्ती न कुरकुरता करतो आणि तळटीप देतो. मग त्याच पत्राच्या चौथ्या ओळीत ‘प्रेझेंटली’ हा शब्द येतो आणि तिथे मात्र त्याचा हात थांबत नाही. शब्द ओळखीचा आहे, मग थांबायचे कशाला?

या शब्दाचे आज तीन वाचक तीन अर्थ लावतील. पुण्या-मुंबईच्या वाचकाला तो ‘सध्या’ वाटेल. नोकरीच्या अर्जात ‘प्रेझेंटली वर्किंग’ लिहिण्यात आपल्या दोन-तीन पिढ्या गेल्या आहेत. लंडनमधला जुन्या वळणाचा माणूस ‘थोड्या वेळाने’ म्हणेल. आणि सतराव्या शतकातला वखारीचा कारकून बहुतेक वेळा तो ‘ताबडतोब’ या अर्थाने लिहून गेलेला असेल. समजा, एखाद्या पत्रात आले की गावाच्या सुभेदाराने ‘प्रेझेंटली’ शिबंदी पाठवली. पहिल्या अर्थाने वाक्य नीट लागतच नाही. दुसऱ्या अर्थाने सुभेदार सुस्त ठरतो, तिसऱ्या अर्थाने तत्पर. एका क्रियाविशेषणावरून माणसाची कारकीर्द तोलली जाते, आणि तोलणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

बहुतेक वेळा, असे मी म्हटले ते जपूनच. ‘सध्या’ हा अर्थही नवा नाही. तो पंधराव्या शतकापासून आहे, स्कॉटलंडात तो बोलीत टिकून राहिला आणि विसाव्या शतकात अमेरिकेतून पुन्हा जगभर पसरला. त्यामुळे जुन्या तारखेत दहा मिळवावेत तसे इथे सरसकट करता येत नाही. क्रियापद बघावे लागते. आज्ञा असेल, घडून गेलेली कृती असेल, तर ‘ताबडतोब’कडे झुकावे, चालू स्थितीचे वर्णन असेल, तर ‘सध्या’चा विचार करावा, आणि अठराव्या शतकात शिरल्यावर ‘लवकरच’ हा तिसरा उमेदवारही रांगेत आहे हे विसरू नये. एवढे सगळे एका साध्या शब्दासाठी. प्रस्तुत पुस्तक अशाच शब्दांविषयी आहे.

जुन्या इंग्रजी लेखनातली क्रियाविशेषणे हा विषय ऐकून कोणाला वाटेल की विचित्र, अडगळीतल्या शब्दांची ही जंत्री असणार. तशी मंडळी पुस्तकात आहेतच: ‘व्हाइलम’, ‘एफ्टसून्झ’, ‘अनॉन’, ‘हॅपली’, ‘पर्ॲडव्हेंचर’. पण खरी अडचण त्यांची नाही. अनोळखी शब्द वाचकाला अडवतो, कोश उघडायला लावतो आणि आपला अर्थ प्रामाणिकपणे सांगून मोकळा होतो. ओळखीचा चेहरा घेऊन आलेला जुना शब्द अडवत नाही. चूक होते ती तिथे.

१६११ च्या इंग्रजी बायबलात याची दोन ठळक उदाहरणे आहेत. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू फळ नसलेल्या अंजिराच्या झाडाला शाप देतो आणि झाड ‘प्रेझेंटली’ वाळते. आजच्या इंग्रजीने हे ‘थोड्या वेळाने’ वाचले की चमत्कारातला चमत्कारच निघून जातो. मार्कच्या शुभवर्तमानात हेरोदियाची मुलगी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शीर तबकात घालून मागते, आणि मागते ते ‘बाय अँड बाय’. आज हा शब्दप्रयोग ‘यथावकाश, होईल तेव्हा’ असा निवांत आहे. त्या भयंकर मागणीत तो हास्यास्पद वाटतो. अनुवादकांना म्हणायचे होते ‘या क्षणी’. १८८१ मध्ये नव्या कराराची सुधारित आवृत्ती निघाली तेव्हा दोन्ही शब्द बदलावे लागले. मजकूर तोच, विश्वास तोच, फक्त मधल्या पावणेतीनशे वर्षांत दोन क्रियाविशेषणे मंदावली होती.

मंदावणे हा या घराण्याचा वारसाच दिसतो. आजचे ‘सून’ हे अँग्लो-सॅक्सन काळात ‘लगेच’ होते. ‘अनॉन’ मूळचे ‘एकात’, म्हणजे एका क्षणात. चॉसरच्या काळी ते बरेचसे ‘लगेच’च होते. शेक्सपियरपर्यंत येता येता ते ‘आलोच’ झाले. ‘चौथा हेन्री’ नाटकाच्या पहिल्या भागात ईस्टचीपच्या गुत्त्यातला फ्रान्सिस नावाचा पोऱ्या आहे. राजपुत्र त्याला बोलण्यात गुंतवतो, राजपुत्राचा सोबती आतून हाका मारत राहतो, आणि पोऱ्या दर हाकेला ‘अनॉन, अनॉन’ करत जागच्या जागी उभा राहतो. आपल्याकडे गर्दीच्या वेळी हॉटेलातला वेटर लांबूनच ‘आलो साहेब’ म्हणतो, त्यातला भूतकाळ जितका खरा तितकेच फ्रान्सिसचे ‘लगेच’ खरे. माणसे तातडीचे आश्वासन देतात, उशीर करतात, आणि त्या उशिराचा डाग शब्दावर पडतो. मग नवा शब्द शोधावा लागतो. तोही काही पिढ्यांत मळतो.

मराठी व्याकरणात आपण क्रियाविशेषणाला अव्यय म्हणतो. त्याचे रूप बदलत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण रूप जितके स्थिर तितका अर्थ आतून सरकायला मोकळा, असे मला वाटत आले आहे. आपलाच ‘तूर्त’ घ्या. संस्कृतात तो त्वरेचा शब्द. आज ‘तूर्त एवढे पुरे’ म्हणताना त्यात त्वरेचा मागमूस नाही. तेव्हा इंग्रजीला हसण्याचे कारण नाही.

आता थोडे या शब्दांच्या घडणीविषयी. अँग्लो-सॅक्सन इंग्रजी ही विभक्तिप्रत्ययांची भाषा होती आणि तिच्यात क्रियाविशेषण बनवण्याच्या अनेक वाटा होत्या. नामाला ‘-उम’ हा प्रत्यय लावून क्रियाविशेषण होई. ‘व्हाइलम’ तसा झाला, आणि आज रोजच्या वापरातला ‘सेल्डम’ त्याच्याच नादाने ‘म’कारान्त बनला. षष्ठीच्या ‘-एस’ प्रत्ययाने दुसरा गट झाला. ‘वन्स’, ‘ट्वाइस’, ‘हेन्स’, ‘सिन्स’ यांच्या शेवटचा ‘स’ तो. लिहिताना वेगळे अक्षर आले म्हणून तो प्रत्यय ओळखू येत नाही, एवढेच. विशेषणाला नुसता ‘-ए’ लावूनही क्रियाविशेषण होई. पुढे तो ‘-ए’ उच्चारातून गळाला आणि ‘फास्ट’, ‘हार्ड’ असे शब्द विशेषणासारखेच उघडे राहिले. शाळेत ‘हार्डली’ आणि ‘हार्ड’ यांच्यात गल्लत केल्याबद्दल ज्यांनी छड्या खाल्ल्या त्यांनी दोष त्या गळून गेलेल्या स्वराला द्यावा. ‘-ली’ ही आज सर्वमान्य असलेली वाट या सगळ्यांत शेवटी राजमार्ग बनली. ज्या वाटा बंद पडल्या त्यांवरचे शब्द एकाकी झाले; त्यांच्यासारखे नवे शब्द घडेनात, आणि वाचकाला त्यांची घडण दिसेनाशी झाली. दुर्मीळ क्रियाविशेषणांतली बरीचशी या बंद वाटांवरची आहेत.

स्थलवाचक शब्दांची गोष्ट आणखी सुबक होती. इथे, इकडे, इथून. तिथे, तिकडे, तिथून. कुठे, कुणीकडे, कुठून. मराठी माणसाला यात काही नवल नाही. इंग्रजीतही अगदी अशीच तीन-तीनांची मांडणी होती: ‘हिअर, हिदर, हेन्स’, ‘देअर, दिदर, देन्स’, ‘व्हेअर, व्हिदर, व्हेन्स’. सतराव्या-अठराव्या शतकांत बोलण्यातून मधला आणि शेवटचा स्तंभ हळूहळू ढासळला. ‘हिअर’, ‘देअर’ आणि ‘व्हेअर’ यांनीच सगळे काम अंगावर घेतले. उरलेले शब्द कविता, प्रार्थना आणि न्यायालय यांच्या आश्रयाला गेले. ‘फ्रॉम व्हेन्स’ या प्रयोगावर सॅम्युअल जॉन्सनने आपल्या कोशात कडक शेरा मारला आहे, कारण ‘व्हेन्स’मध्येच ‘पासून’ आहे. तर्क बरोबर, पण तो प्रयोग बायबलातही आहे आणि शेक्सपियरमध्येही. म्हणजे जॉन्सनच्या कितीतरी आधी लोकांच्या कानाला तो प्रत्यय ऐकू येईनासा झाला होता. नियम सांगणारे बहुधा वरात निघून गेल्यावर पोहोचतात.

इथे या पुस्तकाचे मुख्य म्हणणे सांगून टाकतो. जुन्या शब्दाला दोन वये असतात. एक त्याचे स्वतःचे. ते कोशात सापडते. दुसरे, लेखकाने तो वापरला त्या घडीला तो किती जुना वाटत होता ते. हे कोशात चटकन सापडत नाही. पण वाचकाच्या कामाचे हेच दुसरे. लेखक आपल्या काळची भाषा बोलत होता की आजोबांचा अंगरखा चढवून उभा होता, हे कळल्याशिवाय त्या वाक्याचा सूर लागत नाही. ‘व्हाइलम’ची चाल पाहिली की हे नीट ध्यानात येईल.

‘व्हाइल’ म्हणजे वेळ. ‘व्हाइलम’ म्हणजे ‘वेळोवेळी, कधी कधी’. मग ‘एके काळी’. जर्मनमध्ये त्याचा भाऊबंद ‘वायलांट’ आहे. तो ‘माजी’ किंवा ‘कैलासवासी’ अशा अर्थाने नावाआधी लागत असे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’ रचल्या, तेव्हा पात्रांनी सांगितलेल्या कथांपैकी सरदाराची कथा या शब्दाने सुरू झाली. पिठाच्या गिरणीवाल्याची तशीच, व्यापाऱ्याची तशीच, आणि भिक्षेकरी साधूचीही. चार वेगवेगळ्या थरांतली माणसे एकाच शब्दाने तोंड उघडतात, त्या अर्थी तो कथा सांगणाऱ्याचा ठरलेला शब्द होता. आपल्या कहाण्यांतले ‘आटपाट नगर’ असेच. ‘आटपाट’ हा शब्द बाजारात कोणी वापरत नाही, पण कहाणीच्या तोंडी तो आला की ऐकणारा सावरून बसतो. चॉसरच्या ‘व्हाइलम’ला जुनेपणाचा वास असलाच तर तो एवढाच.

दोनशे वर्षांनी एडमंड स्पेन्सरने तोच शब्द ‘फेअरी क्वीन’च्या अगदी पहिल्या ओळीत बसवला. पण १५९० मधले ‘व्हाइलम’ हे वेगळे प्रकरण आहे. स्पेन्सरचे त्याआधीचे ‘शेफर्ड्स कॅलेंडर’ १५७९ मध्ये निघाले, तेव्हाच त्याला ‘ई. के.’ या आद्याक्षरांनी सही करणाऱ्या कोणाची शब्दार्थांची टिपणे जोडावी लागली होती. १५९८ मध्ये टॉमस स्पेटने चॉसरची आवृत्ती काढली, तिलाही कठीण शब्दांची यादी होती. म्हणजे शब्द आता समजावून द्यावा लागत होता, आणि स्पेन्सर तो जाणूनबुजून वापरत होता. चॉसरच्या गादीवर आपला हक्क सांगण्याची ती रीत होती. बेन जॉन्सनला हे मुळीच रुचले नाही. जुन्यांची नक्कल करण्याच्या नादात स्पेन्सरने जी लिहिली ती धड कोणतीच भाषा नव्हे, अशा आशयाचा शेरा बेन जॉन्सनच्या मृत्यूनंतर छापल्या गेलेल्या त्याच्या टिपणांत आहे. मला शेरा कठोर वाटतो, पण निरीक्षण खोटे नाही.

अठराव्या शतकात तर जुने शब्द म्हणजे नकली नाण्यांचा कारखानाच झाला. ब्रिस्टलच्या टॉमस चॅटर्टनने पंधराव्या शतकातल्या एका कल्पित साधूच्या नावावर कविता रचल्या आणि शब्द भरले ते छापील कोशांतून उचलून. सतराव्या वर्षी, १७७० मध्ये, तो वारला. पुढे शंभर वर्षांनी वॉल्टर स्कीटने त्याचे शब्द कोणत्या कोशांतून आले ते दाखवून दिले. कोशातली चूकसुद्धा चॅटर्टनने इमानाने उतरवली होती. नंतर बायरनची पाळी. १८१२ च्या ‘चाइल्ड हॅरल्ड’च्या पहिल्या सर्गात दुसरे कडवे ‘व्हाइलम’नेच उघडते. पण बायरन तो अंगरखा अर्धवट गमतीने घालतो आणि थोडे पुढे गेल्यावर खुंटीला टांगतो. जसजसा सर्ग पुढे सरकतो तसतसे असले शब्द विरळ होत जातात. कोलरिजनेही ‘एन्शंट मॅरिनर’च्या १७९८ च्या पहिल्या छपाईतला जुनाट वेश पुढच्या आवृत्त्यांत बराच उतरवला. या दोघांना कुठे थांबायचे ते कळत होते. विल्यम मॉरिसला ते कळले असे म्हणवत नाही. त्याचे ‘ओडिसी’चे भाषांतर १८८७ मध्ये आले आणि पुढच्याच वर्षी आर्चिबाल्ड बॅलंटाइनने तसल्या भाषेला नाव दिले ‘वॉर्डर स्ट्रीट इंग्रजी’. लंडनच्या त्या रस्त्यावर तेव्हा जुने आणि जुन्यासारखे दिसणारे फर्निचर विकत. नाव इतके चपखल बसले की १९२६ मध्ये फाउलरने आपल्या प्रसिद्ध वापरकोशात त्याची स्वतंत्र नोंद केली.

एकच शब्द, अर्थही जवळपास तोच. पण चॉसरकडे तो कथेचा दरवाजा आहे, स्पेन्सरकडे वंशावळ, बायरनकडे मुखवटा. या तिन्ही जागी मराठीत ‘एके काळी’ लिहून पुढे गेलेला अनुवादक चुकला असे म्हणता येणार नाही. पण त्याने वाचकाला काहीच सांगितले नाही, हे मात्र खरे.

‘व्हाइलम’ गेला, त्याचा चुलतभाऊ ‘अर्स्टव्हाइल’ मात्र आपल्याकडे सुखाने नांदतो आहे. इंग्लंडात त्याला किंचित ऐटबाज समजतात. भारतीय इंग्रजीत तो कामाचा शब्द आहे: पूर्वीची संस्थाने, जुने मुंबई राज्य, विलीन झालेल्या कंपन्या, विभागलेले जिल्हे, सगळ्यांना तो लागतो. कोल्हापूर किंवा सावंतवाडीच्या राजघराण्याची इंग्रजी बातमी त्याच्याशिवाय क्वचितच पुरी होते. शब्द कुठे जुना आणि कुठे ताजा, हे नकाशावरही अवलंबून असते. यॉर्कशरमध्ये ‘हॅपन’ हा शब्द ‘कदाचित’ अशा अर्थाने बोलला गेला आहे. लॉरेन्सच्या कादंबऱ्यांत नॉटिंगहॅमकडची माणसे तो बोलतात.

या शब्दांच्या अभ्यासाची परंपरा फार जुनी नाही. जॉन्सनचा १७५५ चा कोश हा भक्कम आरंभ. पण त्याचा कल योग्य-अयोग्य ठरवण्याकडे होता. खरे वळण आले १८५७ मध्ये, जेव्हा रिचर्ड ट्रेंचने लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे तोवरच्या इंग्रजी कोशांचे दोष मांडले आणि मृत शब्दांनाही कोशात जागा हवी असे ठासून सांगितले. (मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती याच सालची, आपण त्या बाबतीत फार मागे नव्हतो.) त्यातून जो ऑक्सफर्ड कोश उभा राहिला, त्याचा पहिला भाग १८८४ मध्ये आणि शेवटचा १९२८ मध्ये निघाला. प्रत्येक शब्दाचे अवतरणांसह चरित्र द्यायचे, ही त्याची रीत. या कोशपरंपरेचे ऋण न फिटणारे आहे. तिची मर्यादा एवढीच की अवतरणे वाचकांनी वेचून पाठवली होती, आणि वेचणाऱ्याच्या डोळ्यात विचित्र शब्द आधी भरतो. त्यामुळे विरळ शब्दांना गर्दी आणि सामान्यांना दुष्काळ, अशी तक्रार संपादक जेम्स मरे यालाही करावी लागली.

दुसरी शाखा व्याकरणकारांची. एडविन ॲबटचे शेक्सपियरच्या व्याकरणावरचे १८६९ चे पुस्तक अजून उपयोगी पडते, कारण तो शब्दाला वाक्यातून उपटून काढत नाही. जोसेफ राइटचा सहा खंडांचा बोलीकोश (१८९८ ते १९०५) ही तिसरी शाखा. लंडनने टाकलेले शब्द खेड्यांत कुठे कुठे जिवंत होते ते तिथे सापडते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन नवी दालने उघडली. एलिझाबेथ ट्रॉगट, लॉरेल ब्रिंटन आदींनी विचारले की क्रियाविशेषण वाक्यात वस्तुस्थितीविषयी बोलते की बोलणाऱ्याविषयी? उत्पत्तीच्या १८ व्या अध्यायात अब्राहाम सदोम वाचवण्यासाठी देवाशी घासाघीस करतो. पन्नास नीतिमान माणसांपासून दहापर्यंत येतो. १६११ च्या इंग्रजीत जवळजवळ प्रत्येक पायरीवर ‘पर्ॲडव्हेंचर’ आहे. कोश त्याचा अर्थ ‘कदाचित’ देईल. पण तिथे तो शब्द शक्यता मोजत नाही. तो नमून बोलतो. मराठीत आपण वडीलधाऱ्यांपुढे ‘समजा हं, चुकून’ अशी प्रस्तावना करून मुद्द्यावर येतो, ते काम तो करतो. या अभ्यासपद्धतीची परिभाषा कधी कधी नको इतकी जड होते, पण तिने दिलेली नजर जपून ठेवण्याजोगी आहे.

दुसरे दालन संगणकाचे. हेलसिंकीत तयार झालेला ऐतिहासिक इंग्रजीचा संग्रह १९९१ मध्ये खुला झाला. आठव्या शतकापासून १७१० पर्यंतच्या लेखनातले सुमारे १५ लाख शब्द त्यात आहेत. आज हा आकडा लहान वाटेल, पण प्रत्येक नमुना पारखून घेतलेला आहे. २०१५ मध्ये आरंभीच्या छापील इंग्रजी पुस्तकांपैकी सुमारे २५,००० पुस्तकांचा हाताने टंकलेला मजकूर सर्वांना मोफत झाला. याउलट छायाचित्रांवरून यंत्राने वाचलेले जे अफाट साठे आहेत, त्यांत जपून पाऊल टाकावे. जुन्या छपाईत शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला ‘स’ लांबट काढत; यंत्राला तो ‘फ’ वाटतो. ‘प्रेझेंटली’ तिथे ‘प्रेफेंटली’ होऊन बसतो. वर्षवार आलेख काढला की शब्द १८०० च्या सुमारास अचानक उसळलेला दिसतो, आणि प्रत्यक्षात उसळलेले काहीच नसते. छापखान्यांनी फक्त खिळे बदललेले असतात.

आपल्याकडे या विषयाची खरी गरज इतिहासाला आहे, म्हणूनच सुरुवात तिथून केली. पुण्यातून १९३१ मध्ये निघालेला ‘इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी’ हा संग्रह, ग्रँट डफचा १८२६ चा इतिहास, १८७७ पासून निघू लागलेले मुंबई इलाख्याचे गॅझेटियर, हे सगळे आपण रोज वापरतो. तिन्हींचे इंग्रजी तीन वेगळ्या काळांतले आहे, आणि आपण ते एकाच शब्दकोशाने वाचतो. याहून जवळची गोष्ट कायद्याची. ‘हिअरिनआफ्टर’, ‘देअरऑफ’, ‘हिअरबाय’ हे शब्द बोलीतून जाऊन शतके लोटली. आपल्या दस्तांत ते अजून जागेवर आहेत. मराठी खरेदीखतात ‘यापुढे ज्यांचा उल्लेख लिहून देणार असा करण्यात येईल’ हे लांबलचक प्रकरण येते, ते ‘हिअरिनआफ्टर’चे ओझे वाहत असते. संविधानाच्या मराठी उद्देशिकेतले ‘याद्वारे’ हे ‘हिअरबाय’च आहे. कायद्यात क्रियाविशेषण क्षुल्लक नसते, हेही इथे नोंदवावे: १८६० च्या दंड संहितेने ‘डिसऑनेस्टली’, ‘फ्रॉड्युलंटली’ आणि ‘व्हॉलंटरिली’ या तिन्हींच्या स्वतंत्र व्याख्या केल्या होत्या. कृत्य तेच, गुन्हा ठरतो तो त्याला लागलेल्या या शब्दामुळे.

साहित्याच्या वाचकालाही यात काही सापडेल. आगरकरांनी १८८३ मध्ये ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले, शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’चा ‘राजमुकुट’, विंदांनी ‘राजा लिअर’. या सर्वांनी असल्या शब्दांशी झटापट केली आहे, आणि कोणी कुठे काय निवडले हे शेजारी ठेवून पाहण्यात वेगळीच गंमत आहे.

या पुस्तकाचा आवाका मुद्दाम मर्यादित ठेवला आहे. हा कोश नव्हे. शब्द थोडे घेतले आहेत, पण प्रत्येकाला त्याच्या वाक्यात, त्याच्या लेखकाच्या शेजारी बसवून पाहिले आहे. कालवाचक आणि शक्यतावाचक शब्दांवर भर आहे, कारण अर्थाचा अनर्थ तिथे लवकर होतो. ‘फार’, ‘अत्यंत’ असे जोर देणारे शब्द हा तितकाच श्रीमंत विषय. तो बाजूला ठेवला, एका पुस्तकात मावणारा नव्हता म्हणून. व्युत्पत्ती लागेल तेवढीच दिली आहे. तिचा मोह आवरणे कठीण जाते, आणि शब्दाचा उगम कळला म्हणजे त्याचा वापर कळला, असा गैरसमज तीच पसरवते. प्रकरणे क्रमानेच वाचली पाहिजेत असे नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने कालवाचक शब्दांपासून, वकिलांनी शेवटून सुरुवात केली तरी चालेल.

एक विनंती आहे. १८७९ मध्ये मरे याने इंग्रजी वाचणाऱ्या सर्वांना आवाहन केले होते की वाचताना शब्द भेटला की वाक्य उतरवून पाठवा. महाराष्ट्राविषयीचे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातले इंग्रजी कागद अशा नजरेने अजून कोणी चाळलेले दिसत नाहीत. आपल्या वाचनात ‘प्रेझेंटली’, ‘अनॉन’, ‘बाय अँड बाय’ किंवा यांच्या गोतावळ्यातला कोणताही शब्द आला, तर पूर्ण वाक्य, कागदाची तारीख आणि लिहिणाऱ्याचा हुद्दा या तीन गोष्टी टिपून प्रकाशकांकडे पाठवाव्यात. नुसता शब्द पाठवू नये. वाक्याशिवाय त्याचा उपयोग नाही.